लक्ष्मीकांत बेर्डे

लक्ष्मीकांत बेर्डे (जन्म : १९५४, मुंबई, मृत्यू : १६ डिसेंबर २००४, मुंबई) हे मराठी व हिंदी चित्रपटांतील आणि मराठी रंगभूमीवरील अभिनेते होते. १९८५ नंतरच्या दशकात मराठी विनोदी चित्रपटाला जी लोकप्रियता लाभली, तिच्या प्रमुख शिल्पकारांत त्यांची गणना होते. महेश कोठारे दिग्दर्शित ‘धूमधडाका’ (१९८५) व सचिन पिळगांवकर दिग्दर्शित ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) या चित्रपटांनी ते घराघरांत पोहोचले. प्रेक्षक त्यांना ‘लक्ष्या’ या नावाने ओळखत. भय आणि विनोद यांचा मेळ घालणाऱ्या ‘झपाटलेला’ (१९९३) या चित्रपटातील त्यांची भूमिका विशेष गाजली. ‘एक होता विदूषक’ (१९९२) या चित्रपटातून त्यांनी गंभीर अभिनयाचे सामर्थ्यही दाखवून दिले. मात्र विनोदी नटाची प्रतिमा त्यांच्या कारकिर्दीवर अखेरपर्यंत कायम राहिली.

बालपण आणि जडणघडण

बेर्डे यांचे बालपण मुंबईतील गिरगाव परिसरात गेले. घरची परिस्थिती बेताची असल्याने त्यांनी लहानपणी लॉटरीची तिकिटे विकण्याचे कामही केले. गिरगावातील सार्वजनिक गणेशोत्सवात त्या काळी हौशी नाटके, एकांकिका व नकलांचे कार्यक्रम होत असत. या उत्सवांतील नाटकांत भाग घेता घेता त्यांना अभिनयाची गोडी लागली. पुढे शालेय व महाविद्यालयीन नाट्यस्पर्धांतही ते सहभागी झाले.

तरुणपणी त्यांनी गिरगावातील मुंबई मराठी साहित्य संघात नोकरी धरली. संघाचे स्वतःचे नाट्यगृह असल्याने व्यावसायिक रंगभूमीवरील नट, लेखक व दिग्दर्शक यांचा तेथे नित्य राबता असे. या नोकरीमुळे बेर्डे यांना तालमी व प्रयोग जवळून पाहता आले. याच काळात ते नाटकांतून लहानसहान भूमिका करू लागले. हातात पडेल ती भूमिका करीत राहण्याचा हा काळ बराच लांबला आणि तिशी जवळ येईपर्यंत त्यांना मोठे यश मिळाले नाही.

रंगभूमी

१९८० च्या दशकाच्या प्रारंभी रंगमंचावर आलेले ‘टूरटूर’ हे नाटक बेर्डे यांच्या कारकिर्दीतील पहिला महत्त्वाचा टप्पा ठरले. हे नाटक पुरुषोत्तम बेर्डे यांनी लिहिले व दिग्दर्शित केले होते. तरुण नटांच्या संचाने सादर केलेल्या या नाटकाचा वेग आणि त्यातील उत्स्फूर्तता प्रेक्षकांना नवी वाटली. लक्ष्मीकांत बेर्डे यांचे नाव या नाटकामुळे सर्वतोमुखी झाले आणि चित्रपटनिर्मात्यांचे लक्ष त्यांच्याकडे वेधले गेले.

चित्रपटांत यश मिळाल्यानंतरही त्यांनी रंगभूमी सोडली नाही. ‘शांतेचं कार्टं चालू आहे’ आणि ‘बिघडले स्वर्गाचे दार’ ही त्यांची गाजलेली नाटके होत. संवादफेक, प्रेक्षागृहातील प्रतिसाद ओळखून विराम घेण्याची सवय आणि प्रसंग हाताबाहेर जाऊ न देता त्यात भर घालण्याचे कौशल्य या गोष्टी त्यांनी रंगमंचावरच आत्मसात केल्या. पुढे त्यांच्या चित्रपटांतील अभिनयातही त्याच ठळकपणे दिसतात.

चित्रपटसृष्टीत पदार्पण

‘लेक चालली सासरला’ (१९८४) या चित्रपटातून बेर्डे यांनी रुपेरी पडद्यावर पदार्पण केले. पुढील वर्षी आलेल्या ‘धूमधडाका’ने त्यांचे स्थान पक्के केले. बालकलाकार म्हणून परिचित असलेल्या महेश कोठारे यांचा दिग्दर्शक म्हणून हा पहिलाच चित्रपट होता. त्यात कोठारे, अशोक सराफ, शरद तळवलकर व निवेदिता जोशी यांच्याही भूमिका होत्या. त्याचे कथानक ‘कादलिक्क नेरमिल्लै’ (१९६४) या तमिळ चित्रपटावर आणि त्यावरून हिंदीत निघालेल्या ‘प्यार किये जा’ (१९६६) या चित्रपटावर आधारलेले होते. चित्रपट काढण्याच्या वेडाने झपाटलेला मुलगा आपल्या वडिलांना भयपटाची गोष्ट सांगतो आणि ऐकता ऐकता वडिलांची घाबरगुंडी उडते, हा या कथानकातील सर्वांत प्रसिद्ध प्रसंग होय. तमिळमध्ये नागेश यांनी आणि हिंदीत मेहमूद यांनी ती भूमिका केली होती; मराठीत ती बेर्डे यांच्या वाट्याला आली. भीतीतून हसू निर्माण करणारी ही जातकुळी पुढे त्यांच्या अनेक भूमिकांत आढळते.

‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) हा त्यांच्या कारकिर्दीतील सर्वाधिक लोकप्रिय चित्रपटांपैकी एक आहे. ‘बीवी और मकान’ (१९६६) या हिंदी चित्रपटाच्या कथेवर तो बेतलेला होता. पुण्यात भाड्याने जागा मिळत नसल्याने चार तरुणांपैकी दोघे स्त्रीवेष घेतात आणि जोडप्यांच्या रूपाने एका घरात राहू लागतात, असे त्याचे सूत्र आहे. सचिन पिळगांवकर, अशोक सराफ व सिद्धार्थ रे यांच्यासह बेर्डे यांनी यात काम केले. परशा हा तरुण आणि त्याने घेतलेले पार्वतीचे सोंग या दोन्ही रूपांत त्यांनी विलक्षण सहजता दाखविली.

अद्भुताचा विनोद

१९८५ नंतरच्या मराठी विनोदपटांत कौटुंबिक गोंधळाच्या जोडीला अद्भुत व अतिमानवी कल्पनांचाही वापर होऊ लागला. महेश कोठारे यांच्या चित्रपटांत हा कल विशेष दिसतो आणि त्यांच्या बहुतेक चित्रपटांत अद्भुताला सामोरा जाणारा सामान्य माणूस बेर्डे यांनीच साकारला. ‘दे दणादण’ (१९८७) मध्ये एका साध्या हवालदाराला अलौकिक शक्ती प्राप्त होते, परंतु लाल रंग दिसताच ती नाहीशी होते. ‘धडाकेबाज’ (१९९०) मध्ये बाटलीत राहणारा गंगाराम नावाचा चिमुकला माणूस नायकाच्या मदतीला येतो. नायक आणि त्याच्यासारखाच दिसणारा हा गंगाराम अशा दोन्ही भूमिका बेर्डे यांनी केल्या. सचिन पिळगांवकर दिग्दर्शित ‘भुताचा भाऊ’ (१९८९) या चित्रपटात मृत्यूनंतर भूत होऊन परतणाऱ्या माणसाची भूमिका अशोक सराफ यांनी केली होती. बेर्डे यांचीही त्यात भूमिका होती.

या चित्रपटांना मोठ्या खर्चाची तंत्रसामग्री उपलब्ध नव्हती. त्यामुळे पडद्यावरील चमत्कार खरा वाटणे हे बव्हंशी नटाच्या प्रतिक्रियेवर अवलंबून असे. समोर काहीही नसताना काहीतरी भयंकर पाहिल्याचा भास निर्माण करणे, घाबरून बोबडी वळणे आणि दुसऱ्याच क्षणी उसने अवसान आणणे या गोष्टींत बेर्डे यांचा हातखंडा होता.

‘एक होता विदूषक’

लोकप्रियतेच्या शिखरावर असताना बेर्डे यांना ‘एक होता विदूषक’ (१९९२) हा चित्रपट मिळाला. त्याचे दिग्दर्शन जब्बार पटेल यांनी केले होते, तर पटकथा व संवाद पु. ल. देशपांडे यांचे होते. ना. धों. महानोर यांची गीते व आनंद मोडक यांचे संगीत हे त्याचे आणखी एक वैशिष्ट्य होय. तमाशातील कलावंतिणीच्या पोटी जन्मलेला आबुराव सोंगाड्या म्हणून नावारूपाला येतो, चित्रपटांत जाऊन मोठा नट होतो आणि अखेर राजकारणाच्या हातातील बाहुले बनतो, अशी ही कथा आहे. सगळ्या जगाला हसविणाऱ्या या माणसाची स्वतःची लहान मुलगी मात्र हसत नाही. तिला हसविण्याच्या धडपडीत त्याला आपण काय गमावले याची जाणीव होते.

आबुराव आणि त्याची भूमिका करणारा नट यांच्या आयुष्यांत उघड साम्य होते. दोघेही हलाखीतून वर आलेले आणि हसविण्याच्या बळावर मोठे झालेले होते. आपण याहून अधिक काही आहोत हे दोघांनाही सिद्ध करावयाचे होते. बेर्डे यांनी नेहमीच्या लकबी आवरून ही भूमिका केली आणि समीक्षकांनी तिची प्रशंसा केली. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही या चित्रपटाला मिळाला. तिकीटबारीवर मात्र त्याला अपेक्षित यश लाभले नाही. लक्ष्याचा चित्रपट म्हणून आलेल्या प्रेक्षकाला त्यात नेहमीचा लक्ष्या भेटला नाही. या अनुभवानंतर अशा भूमिका बेर्डे यांच्याकडे क्वचितच आल्या.

‘झपाटलेला’

पुढच्याच वर्षी, १९९३ मध्ये, महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ प्रदर्शित झाला आणि त्याने मोठे यश मिळविले. मराठीतील भयविनोदपटांत हा चित्रपट आजही अग्रस्थानी मानला जातो. अमेरिकेतील ‘चाइल्ड्स प्ले’ (१९८८) या भयपटावरून त्याची कल्पना सुचलेली असली, तरी तिला दिलेले रूप अस्सल मराठी आहे.

तात्या विंचू हा कुख्यात गुंड बाबा चमत्कार नावाच्या मांत्रिकाकडून मृत्युंजय मंत्र मिळवितो. पोलिसांच्या गोळीने मरणोन्मुख झाल्यावर तो या मंत्राच्या साहाय्याने आपला आत्मा जवळच असलेल्या एका बाहुल्यात घालतो. हा बाहुला श्रीरंगपूर या गावी लक्ष्या बोलके या तरुणाच्या हाती पडतो. लक्ष्या हा बोलक्या बाहुल्यांचे खेळ करणारा शब्दभ्रमकार असतो. बाहुल्याच्या देहातून सुटका हवी असेल, तर ज्याला आपले गुपित प्रथम सांगितले त्याच्याच शरीरात प्रवेश करावा लागेल, असे तात्या विंचूला कळते आणि ती व्यक्ती नेमकी लक्ष्याच असते. बाहुला जिवंत आहे हे लक्ष्या सर्वांना सांगत राहतो, परंतु त्याच्यावर कोणाचाच विश्वास बसत नाही. उलट संशयाची सुई त्याच्याकडेच वळते.

तात्या विंचूची भूमिका दिलीप प्रभावळकर यांनी केली व बाहुल्याला आवाजही त्यांनीच दिला. बाहुला तयार करण्याचे व तो हलविण्याचे काम ख्यातनाम शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांनी केले. पाध्ये यांचे वडील यशवंत पाध्ये यांनी निर्मिलेला अर्धवटराव हा बाहुला महाराष्ट्राला पूर्वीपासून परिचित होता. बोलक्या बाहुल्यांविषयी प्रेक्षकांना वाटणारी ही जवळीक चित्रपटाने भयासाठी वापरली. लक्ष्याच्या आईची भूमिका मधू कांबीकर यांनी केली. ‘एक होता विदूषक’मध्येही त्या आबुरावाच्या आईच्या भूमिकेत होत्या आणि प्रभावळकर हेही त्या चित्रपटात होते. अशा रीतीने दोन अगदी भिन्न प्रकृतीच्या चित्रपटांत लागोपाठच्या वर्षी हेच तीन कलावंत एकत्र आले.

या चित्रपटात बेर्डे यांच्यासमोर बराच काळ सहकलाकार म्हणून केवळ एक बाहुला आहे. त्या निर्जीव वस्तूला धोकादायक ठरविण्याची जबाबदारी त्यांच्यावर होती. लक्ष्याची भीती खोटी वाटली असती तर भय उरले नसते आणि ती फार खरी वाटली असती तर विनोद लोपला असता. हा तोल त्यांनी शेवटपर्यंत सांभाळला. लक्ष्या जेव्हा कळवळून खरे सांगत असतो, तेव्हाच ऐकणाऱ्यांना तो सर्वाधिक हास्यास्पद वाटतो. चित्रपटातील विनोद व करुणा दोन्ही या विसंगतीतून निर्माण होतात.

हा चित्रपट १९९५ मध्ये ‘खिलौना बना खलनायक’ या नावाने हिंदीत ध्वनिमुद्रित करून प्रदर्शित करण्यात आला.

भयविनोदपटांची परंपरा आणि ‘झपाटलेला’

भय आणि हास्य यांचे मिश्रण जागतिक चित्रपटात जुने आहे. लांडग्याचे रूप घेणाऱ्या माणसाची कथा ‘द वुल्फ मॅन’ (१९४१) या अमेरिकन चित्रपटाने लोकप्रिय केली. त्यात लॉन चेनी ज्युनिअर यांची मुख्य भूमिका होती. त्याच चेनी यांनी ‘अॅबट अँड कॉस्टेलो मीट फ्रँकेन्स्टाइन’ (१९४८) या विनोदपटात हीच भूमिका पुन्हा केली. जॉन लँडिस दिग्दर्शित ‘अॅन अमेरिकन वेअरवुल्फ इन लंडन’ (१९८१) या चित्रपटाने हे मिश्रण अधिक धीटपणे हाताळले. त्यातील माणसाचा लांडगा होतानाच्या दृश्यासाठी रंगभूषाकार रिक बेकर यांना ऑस्कर पुरस्कार मिळाला. याच कल्पनेवरून महेश भट्ट यांनी हिंदीत ‘जुनून’ (१९९२) हा चित्रपट काढला. त्यात लांडग्याच्या जागी वाघ आला आणि विनोदाचा भाग मागे पडला.

मराठी लोकसमजुतींत माणसाचा लांडगा होण्याची कल्पना रुजलेली नाही. भुताने झपाटणे, मंत्रतंत्र आणि परकायाप्रवेश या कल्पना मात्र सर्वपरिचित आहेत. ‘झपाटलेला’ने भयासाठी त्यांचाच आधार घेतला. तरीही दोन्ही प्रकारच्या कथांची रचना समान आहे. एका देहात दुसऱ्याच कोणाचा तरी वास असणे, ही गोष्ट एकट्या नायकाला ठाऊक असणे आणि संहारासाठी एकच विशिष्ट उपाय असणे ही सूत्रे दोहोंत आढळतात. लांडगामानवासाठी जसे चांदीचे शस्त्र, तसा तात्या विंचूसाठी दोन भुवयांच्या मध्ये बसणाऱ्या गोळीचा नियम आहे. पाश्चात्त्य चित्रपटांत भयाचा भार रंगभूषा व यांत्रिक करामतींवर होता. मराठीत तो शब्दभ्रमकाराच्या कलेवर आणि बेर्डे यांच्या अभिनयावर होता.

हिंदी चित्रपट

‘मैंने प्यार किया’ (१९८९) या राजश्री प्रॉडक्शन्सच्या चित्रपटातून बेर्डे हिंदी प्रेक्षकांसमोर आले. त्यानंतर ‘साजन’ (१९९१), ‘१०० डेज’ (१९९१), ‘बेटा’ (१९९२), ‘अनाडी’ (१९९३) व ‘हम आपके हैं कौन’ (१९९४) अशा यशस्वी चित्रपटांत त्यांनी भूमिका केल्या. ‘मैंने प्यार किया’, ‘१०० डेज’ आणि ‘हम आपके हैं कौन’ या चित्रपटांसाठी त्यांना फिल्मफेअर पुरस्कारांत विनोदी भूमिकेच्या विभागात नामांकने मिळाली. तथापि, मराठीत नायक असलेल्या या नटाला हिंदीत प्रामुख्याने नायकाचा मित्र किंवा घरातील विश्वासू नोकर अशाच भूमिका मिळाल्या.

वैयक्तिक जीवन व अखेरचा काळ

बेर्डे यांचा पहिला विवाह अभिनेत्री रुही बेर्डे यांच्याशी झाला होता. रुही यांचे १९९८ मध्ये निधन झाले. अभिनेत्री प्रिया अरुण (प्रिया बेर्डे) या त्यांच्या दुसऱ्या पत्नी होत. त्यांना अभिनय व स्वानंदी ही अपत्ये झाली. मुलाच्या नावावरून बेर्डे यांनी ‘अभिनय आर्ट्स’ ही निर्मितीसंस्था सुरू केली.

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात मराठी चित्रपटसृष्टीला उतरती कळा लागली. विनोदपटांचा भर ओसरला आणि त्याच त्या साच्यातील भूमिकांमुळे बेर्डे यांच्या चित्रपटांचे नावीन्यही कमी झाले. पुढे मूत्रपिंडाच्या आजाराने त्यांना ग्रासले. आजारपणातही त्यांनी काम थांबविले नाही. महेश कोठारे यांच्या ‘पछाडलेला’ (२००४) या चित्रपटात त्यांनी भूमिका केली. हाही भुतांच्या कथेवरील विनोदपट होता आणि त्यात भरत जाधव व श्रेयस तळपदे या पुढच्या पिढीच्या नटांकडे प्रमुख भूमिका होत्या. त्याच वर्षी १६ डिसेंबर रोजी मुंबईत बेर्डे यांचे निधन झाले.

अभिनयाची वैशिष्ट्ये

बेर्डे यांचा विनोद प्रामुख्याने देहबोली व संवादांच्या गतीवर आधारलेला होता. शब्द अडखळत उच्चारणे, वाक्य मध्येच तोडणे, डोळे विस्फारणे आणि एका क्षणात धिटाईवरून भित्रेपणाकडे वळणे ही त्यांची ठळक लक्षणे होत. अशोक सराफ यांच्यासह त्यांची जोडी विशेष लोकप्रिय झाली. या जोडीत सराफ यांच्याकडे बहुधा चतुर, परिस्थिती हाताळणाऱ्या माणसाची बाजू असे, तर बेर्डे यांच्याकडे गोंधळात सापडणाऱ्या भाबड्या माणसाची. त्यांचा नायक देखणा, शूर किंवा श्रीमंत नसे. संकट आल्यावर तो आधी घाबरत असे आणि मग नाइलाजाने त्याला तोंड देत असे. चाळीत, गावात किंवा लहानशा नोकरीत आयुष्य काढणाऱ्या प्रेक्षकाला त्यामुळेच तो आपल्यातला वाटला.

वारसा

‘झपाटलेला २’ हा चित्रपट २०१३ मध्ये त्रिमिती तंत्राने प्रदर्शित झाला. त्यात आदिनाथ कोठारे यांनी लक्ष्या बोलके याच्या मुलाची भूमिका केली. बेर्डे हयात नसल्याने लक्ष्याचे पात्र कथेत केवळ आठवणीच्या रूपाने येते. बेर्डे यांचे पुत्र अभिनय बेर्डे यांनी ‘ती सध्या काय करते’ (२०१७) या चित्रपटातून पदार्पण केले. बेर्डे यांचे विनोदपट दूरचित्रवाणीवरून वारंवार दाखविले जात असल्याने त्यांच्या निधनानंतर जन्मलेल्या पिढीलाही लक्ष्या परिचित आहे. त्या तुलनेने ‘एक होता विदूषक’ कमी पाहिला गेला असला, तरी त्यांच्या अभिनयाचा आवाका समजून घेण्यासाठी अभ्यासक आवर्जून त्याचा निर्देश करतात.

निवडक चित्रपट

लेक चालली सासरला (१९८४)
धूमधडाका (१९८५)
दे दणादण (१९८७)
अशी ही बनवाबनवी (१९८८)
थरथराट (१९८९)
हमाल दे धमाल (१९८९)
भुताचा भाऊ (१९८९)
मैंने प्यार किया (१९८९, हिंदी)
धडाकेबाज (१९९०)
साजन (१९९१, हिंदी)
एक होता विदूषक (१९९२)
झपाटलेला (१९९३)
हम आपके हैं कौन (१९९४, हिंदी)
पछाडलेला (२००४)